कंटेनर डोम शेडला टोकाची भिंत बसवण्याआधी वारा समजून घ्या

दोन शिपिंग कंटेनर समांतर ठेवले, त्यांच्या माथ्यावर लोखंडी पाइपच्या कमानी टेकवल्या आणि कमानींवर पीव्हीसीचं जाड कापड ताणलं की कंटेनर डोम शेड तयार होते. फारसं खोदकाम नाही, विटा-सिमेंट नाही, शिवाय दोन्ही बाजूंचे कंटेनर कुलूपबंद कोठार म्हणून वापरता येतात. यंत्रं, वाहनं, बोटी, चारा, वेल्डिंगचं काम, सगळं त्या छताखाली मावतं. बाजूच्या भिंती कंटेनरमुळे आयत्या मिळतात. उघडी राहतात ती पुढची आणि मागची, अशी दोन तोंडं.

सुरुवातीचे काही महिने त्याचं काही वाटत नाही. मग तिरका पाऊस आत येतो, यंत्रांवर धूळ साचायला लागते, रात्री कुणीही आत शिरू शकतं हे लक्षात येतं, आणि मालक म्हणतो, मागचं तोंड तेवढं बंद करून टाकू. चार खांब, थोडे पत्रे, एका दिवसाचं काम.

ते एका दिवसाचं काम नाही, हेच मला या लेखात सांगायचं आहे. टोकाची भिंत उभी राहिली की छतावर, कमानींवर आणि खालच्या कंटेनरवर येणारा वाऱ्याचा जोर बदलतो. भिंत जागची हलली नाही तरी तिच्यामुळे छत उडू शकतं.

अशी एक शेड मी वादळी रात्रीनंतर सकाळी पाहिली आहे. मागच्या बाजूला पत्र्याची भक्कम भिंत होती आणि तिचा एक स्क्रूसुद्धा ढिला झाला नव्हता. पण कमानींचे पाय जिथे कंटेनरच्या वरच्या कडेला बोल्टने आवळले होते, तिथली गोल भोकं ओढली जाऊन लांबट झाली होती आणि भोकांभोवतीचा रंग सोलून खालचं लोखंड चमकत होतं. एका कंटेनरच्या आतल्या कडेखाली पातळी साधायला लाकडी ठोकळे ठेवले होते. त्यातला एक ठोकळा हातभर अंतरावर पडला होता आणि कंटेनरची कड थेट जमिनीवर बसली होती. म्हणजे रात्री कधीतरी तो अख्खा कंटेनर एका बाजूने उचलला गेला होता आणि पुन्हा खाली टेकला होता. सगळ्यांनी भिंतीच्या मजबुतीचं कौतुक केलं. मला मात्र त्या ठोकळ्यावरून नजर काढवेना.

उघडी नळी आणि बंद पिशवी

दोन्ही तोंडं उघडी असताना शेड नळीसारखी असते. वारा एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. आत गार वाटतं, कागद उडतात, पण हवा कोंडत नाही. मागचं तोंड बंद केलं की नळीची पिशवी होते. प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्यात तोंड धरून उभी करून पाहा, ती कशी टच्च फुगते. पुढच्या उघड्या तोंडातून वारा आत घुसला की शेडची अवस्था तीच होते. आतली हवा सगळीकडे सारखी दाबते: मागच्या भिंतीवर, कंटेनरच्या बाजूंवर आणि खालून छतावर.

आता बाहेरचा विचार करा. कमानीवरून वाहणारा वारा छताला वर ओढतच असतो. तो बाहेरून ओढतो आणि आतली कोंडलेली हवा खालून ढकलते, दोन्ही एकाच दिशेने. अभियंते याला मोठ्या उघड्या दाराचा दाब मानून वेगळा हिशोब करतात. वाऱ्याच्या बाजूला मोठं तोंड असेल तर बाहेर त्या जागी जेवढा दाब असतो त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश ते नव्वद टक्के दाब आत पोहोचतो असं धरलं जातं.

आकड्यांत बघू या. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला ०.६ ने गुणा. जे येईल ते दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब. ताशी ५४ किलोमीटरचा वारा म्हणजे १५ मीटर प्रति सेकंद. त्याचा दाब १३५ न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण १४ किलो. ताशी १०८ किलोमीटरचा झोत घेतला तर वेग दुप्पट, पण दाब चौपट: ५४० न्यूटन, साधारण ५५ किलो. म्हणूनच नेहमीच्या वाऱ्यात वर्षभर टिकलेली वस्तू एका झोतात जाते. ‘आजवर काही झालं नाही’ या अनुभवाला इथे फार अर्थ नसतो.

या ५५ किलोंवर एक नमुना शेड तपासू. मधलं अंतर १२ मीटर, कंटेनर ४० फुटी, म्हणजे लांबी १२.१९ मीटर. छताखालची जागा साधारण १४६ चौरस मीटर. बाहेरची ओढ सरासरी दाबाच्या ०.६ पट धरली तर छत एकूण ४.८ टनांनी वर ओढलं जातं. मागचं तोंड बंद आणि समोरून वारा असेल तर आतला ०.७ पट दाब त्यात मिसळतो आणि तीच ओढ १० टनांच्या वर जाते. हे ढोबळ गणित आहे. खरे आकडे कमानीच्या उंचीवर, जागेवर आणि वाऱ्याच्या दिशेवर ठरतात. पण एका भिंतीमुळे छताची ओढ दुपटीवर गेली, एवढं ते ढोबळ गणितही सांगतं.

आणि ही ओढ धरून ठेवायला खाली काय आहे? रिकाम्या ४० फुटी कंटेनरचं वजन पावणेचार टनांच्या आसपास असतं. दोन मिळून साडेसात टन. त्यातही एक गोष्ट सहसा कुणी ध्यानात घेत नाही. कमानीचा पाय कंटेनरच्या आतल्या वरच्या कडेवर असेल आणि तो सरळ वर ओढला गेला, तर कंटेनर अख्खा उचलला जात नाही, तो बाहेरच्या खालच्या कडेवर कलतो. कंटेनरची रुंदी २.४४ मीटर. ओढ त्या कडेपासून २.४४ मीटरवर आहे आणि कंटेनरचं वजन मधोमध, म्हणजे १.२२ मीटरवर. तरफेचा साधा नियम: वजनाच्या निम्म्याच ओढीला कंटेनर कलायला लागतो. पावणेचार टनांचा कंटेनर जेमतेम १.९ टनांची ओढ सांभाळतो, आणि वाट्याला येतात पाच टन. त्या सकाळी बाहेर पडलेल्या ठोकळ्याचं कारण हेच होतं.

म्हणून भिंतीचं पहिलं काम भिंतीपासून सुरूच होत नाही. ते कंटेनर जमिनीला बांधण्यापासून सुरू होतं. कोपऱ्यातल्या ओतीव ठोकळ्यांना, ज्यांना कॉर्नर कास्टिंग म्हणतात, धरून खालच्या काँक्रीटमध्ये अँकर करायचं, किंवा हिशोबाने वजन भरायचं आणि ते वजन तिथेच राहील अशी व्यवस्था करायची. आत ठेवलेल्या मालाला वजन समजू नये. माल कधीतरी विकला जातो.

कुठलं तोंड, किती बंद

मागची भिंत नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेला ठेवली तर बराच फायदा होतो. वारा बंद भिंतीवर आदळतो, उघडं तोंड आडोशाला राहतं, आणि आत दाब वाढण्याऐवजी किंचित घटतो. छताला खालून ढकललं जाण्याऐवजी आत ओढलं जातं, म्हणजे उडण्याचा धोका कमी होतो. पण वादळ दिशा बदलतं. तेव्हा जागेची निवड या विचाराने करावी आणि बांधणीचा हिशोब मात्र उलट्या वाऱ्याचाच करावा.

तोंड पूर्ण बंद करण्याची गरज आहे का, हेही विचारून पाहावं. गरज फक्त तिरका पाऊस आणि धूळ अडवण्याची असेल तर वारारोधक जाळी पुष्कळदा पुरते. जाळी वाऱ्याचा काही भाग आरपार जाऊ देते, त्यामुळे आत पिशवी तयार होत नाही आणि जाळीच्या चौकटीवरही जोर कमी येतो. जनावरं, चारा, लाकूड यांच्या शेडला मी पत्र्याआधी जाळीच सुचवतो. आडोसा मिळतो, हवा खेळती राहते. कुलूप लावून काही सुरक्षित ठेवायचं असेल तर मात्र जाळी उपयोगाची नाही.

दुसरा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे मागच्या बाजूला तिसरा कंटेनर आडवा ठेवणं. मधलं अंतर १२ मीटरच्या आसपास असेल तर ४० फुटी कंटेनर मागचं तोंड जवळजवळ नेमकं झाकतो. खालचे २.५९ मीटर बंद होतात, हाय क्यूब म्हणजे जास्त उंचीचा कंटेनर असेल तर २.९०. वजनदार आहे, दारं आहेत, आत जागा आहे. पण वरची कमानीखालची चंद्रकोर उघडीच राहते, आणि खरी कटकट तिचीच असते. तिला चौकट लागते, कापड किंवा पत्रा लागतो, आणि ती चौकट कंटेनरच्या छतावर उभी करण्याचा मोह होतो. कंटेनरचं छत म्हणजे पातळ पत्रा. त्याची चाचणी घेतात ती ६०० बाय ३०० मिलिमीटर जागेवर ३०० किलो ठेवून, म्हणजे दोन माणसं उभी राहू शकतील एवढी. ओझं पेलतात ते चार कोपऱ्यांचे खांब, आणि थोडंफार वरच्या कडेच्या पट्ट्या. चौकटीचे पाय कडेवर किंवा कोपऱ्यावरच यायला हवेत.

उरले कापड आणि पत्रा. कापड हलकं, लवकर बसणारं, बाजूला सारता येणारं. पत्रा टिकाऊ आणि चोराला अडवणारा. पण कापड हलकं म्हणून त्याच्या चौकटीवर जोर कमी येतो, हा गैरसमज आहे. वाऱ्याला कापड आणि पत्रा यांतला फरक कळत नाही, तो क्षेत्रफळ बघतो. उलट कापड एक जास्तीचा जोर आणतं. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ती जितकी सरळ ताणाल तितका खिळ्यावर ताण जास्त. तीन मीटर अंतरावरच्या दोन खांबांमध्ये कापड लावलं, ५५ किलोंचा दाब आला आणि कापड मधे १५ सेंटिमीटर फुगलं, तर कडेला दर मीटर उंचीला चारशे किलोंहून जास्त ओढ येते, आणि तीही खांबाला आडवी, भिंतीच्या पातळीत. फुगवटा ३० सेंटिमीटर असेल तर ती निम्मी होते. पण ढिलं कापड फडफडतं, आणि फडफडणारं कापड आयलेटपाशी, म्हणजे दोरी ओवायच्या कडीदार भोकांपाशी, आणि शिवणीपाशी फाटतं. म्हणजे कापड ताठ हवंच आणि कडेचा खांब ती ओढ सोसणारा हवा. आयलेटमधून दोरी ओवण्यापेक्षा कडेला दोरी शिवलेली पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत सरकवून बसवण्याची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते, कारण ताण ठिकठिकाणी न येता सलग वाटला जातो.

खांब, आणि माथ्यावरचं लांबट भोक

भिंतीचं खरं हाड म्हणजे तिचे उभे खांब. नमुना शेडमध्ये कमान कंटेनरच्या माथ्यापासून ४ मीटर वर गेलेली आहे असं धरू. भिंतीचा खालचा आयत १२ गुणिले २.५९, म्हणजे ३१ चौरस मीटर. वरची चंद्रकोर रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे ३२. एकूण ६३ चौरस मीटर. ताशी १०८ किलोमीटरच्या वाऱ्यात या भिंतीवर साडेतीन टनांच्या आसपास जोर येतो. तीन-तीन मीटरवर खांब असतील तर मधल्या, ६.६ मीटर उंच खांबाच्या वाट्याला एक टनाहून थोडा जास्त जोर येतो. खांबाला वाकवणारा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. तीन मीटरच्या भिंतीला चालणारा पाइप सहा मीटरच्या भिंतीला चालत नाही, वाकवणारा जोर चौपट झालेला असतो.

हा जोर जातो कुठे? निम्मा खाली बेस प्लेटमधून, म्हणजे खांबाच्या बुडाच्या लोखंडी पाटीतून, जमिनीत, निम्मा वर टोकाच्या कमानीत. इथे नेमकी ग्यानबाची मेख आहे. कमान बनवलेली असते वरून येणारा भार आपल्या पातळीत पेलायला. पावसाचं, बर्फाचं, कापडाचं ओझं ती उत्तम सांभाळते. पण तिला शेडच्या लांबीच्या दिशेने ढकललं तर ती पत्त्यासारखी कलते. भिंतीचा पावणेदोन टन जोर तिला असाच आडवा येतो. तो पुढे न्यायला टोकाच्या दोन कमानींमध्ये आडवे पाइप आणि फुलीच्या आकारात ताणलेल्या तारा लागतात, म्हणजे तो कंटेनरच्या माथ्यापर्यंत उतरतो. फुली दोन्ही दिशांची हवी, कारण वारा भिंत ढकलतो तसा ओढतोही. उघड्या शेडमध्ये या तारा असतातच असं नाही, किंवा असल्या तर बारीक असतात. भिंतीचा विचार सुरू केल्यावर माणसाने शिडी लावून आधी हे पाहावं.

आता या सगळ्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बारकावा. खांबाचा माथा कमानीला जोडायचा, पण जखडायचा नाही. वाऱ्याने छत वर-खाली होतं, भाराने दबतं, उन्हाने पसरतं. खांब कमानीला वेल्ड केला तर छत दबताना आपलं ओझं त्या खांबावर टाकतं. मग वाऱ्यासाठी लावलेला बारीक, उंच खांब नकळत छताचा खांब बनतो आणि बाकदार होतो. छत वर ओढलं गेलं तर तोच खांब बेस प्लेटला उपटायला लागतो. यावर उपाय साधा आहे. कमानीला लावलेल्या पट्टीत उभं लांबट भोक पाडायचं आणि बोल्ट त्याच्या मधोमध बसवायचा. खांब भिंतीच्या आत-बाहेर हलत नाही, पण छत त्याच्या शेजारून वर-खाली सरकू शकतं. नट हाताने पुरेसा घट्ट, त्यावर दुसरा नट लावून पक्का. त्या लांबट भोकात कुणी ‘आणखी मजबुती’ म्हणून वेल्डिंगचा ठिपका मारणार नाही, यावर लक्ष ठेवा. मी हे झालेलं पाहिलं आहे आणि तो ठिपका ग्राइंडरने कापून काढला आहे.

कुणी म्हणेल, मग खांब छताला टेकवूच नयेत, जमिनीतून स्वतंत्र उभे करावेत. तसं करता येतं. मात्र वरचा आधार नसलेल्या खांबाच्या बुडाशी वाकवणारा जोर चौपट होतो, खांब जाड आणि पाया खोल लागतो. छत कमकुवत असेल आणि त्याच्यावर काहीही टाकायचं नसेल तर हा मार्ग योग्य. वरच्या फटीला मग कापडाची सैल झालर लावतात.

कंटेनरच्या कोपऱ्याशी

भिंतीची उभी कड कंटेनरला कुठे मिळते, हे जागेवर उभं राहून बघण्यासारखं आहे. कंटेनरची बाजू सपाट नसते. नागमोडी पत्र्याच्या सुमारे साडेतीन सेंटिमीटर खोल खाचा असतात. भिंत कंटेनरच्या मधेच कुठेतरी लावली तर प्रत्येक खाचेतून वारा आणि पाणी आत येतं, आणि त्या फटी फोमने भरत बसावं लागतं. भिंत कंटेनरच्या टोकाशी, कोपऱ्याच्या खांबाला लावली तर सपाट आणि जाड लोखंड मिळतं. जोरही नेमका कंटेनरच्या सर्वांत मजबूत जागी पोहोचतो. कोपऱ्याचे ओतीव ठोकळे मात्र पत्र्यापेक्षा काही मिलिमीटर बाहेर असतात, तेव्हा वरून खाली सलग अँगल लावायचा असेल तर मधे तेवढ्या जाडीच्या पट्ट्या द्याव्या लागतात.

पण थांबा, कंटेनरची दारं कोणत्या टोकाला आहेत? कंटेनरचं दार बिजागरीवर २७० अंश फिरतं आणि बाजूच्या भिंतीला जाऊन चिकटतं. भिंतीचा अँगल दाराच्या टोकाच्या आतल्या कोपऱ्याला लावला तर त्या बाजूचं दार पुरतं फिरत नाही. ते भिंतीवर आपटतं आणि सव्वा मीटरचं पान वाटेत उभं राहतं. भिंत उभी झाल्यावर हे लक्षात आलं तर भिंत किंवा कंटेनर, दोघांपैकी एक हलवावं लागतं. कंटेनर ठेवतानाच दारं भिंतीच्या उलट टोकाला ठेवावीत. दारं त्याच टोकाला हवी असतील तर भिंत दाराच्या पानाच्या रुंदीपेक्षा जास्त आत घ्यावी आणि खाचांचा त्रास पत्करावा.

कंटेनरला भोक पाडलं की त्याचा रंग तुटतो. कंटेनरचं पोलाद गंज सावकाश धरणाऱ्या जातीचं असलं तरी पाणी साचून राहणाऱ्या भोकात तेही गंजतं. भोकाच्या कडेला जस्ताचा प्रायमर, मग बोल्ट, मग सीलंट, हा क्रम पाळावा. अ‍ॅल्युमिनियमची खाच थेट लोखंडावर बसवू नये, मधे रबराची पट्टी द्यावी, नाहीतर ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यावर अ‍ॅल्युमिनियम झिजतं. आणि वेल्डिंग करायचंच असेल तर आधी कंटेनर आतून रिकामा आहे का ते पाहा. बाजूचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतो. बाहेर ठिणगी लागली की आतल्या बाजूला टेकलेला पुठ्ठा पेट घेऊ शकतो.

मापं कागदावरून घेऊ नयेत. वापरलेले कंटेनर थोडे वाकडे असतात, जमीन थोडी उतरती असते, आणि कमान नकाशातल्या कमानीसारखी क्वचितच बसते. तळाशी आणि माथ्याशी दोन्हीकडे रुंदी मोजा, दोन्ही कर्ण मोजा, मधून ओळंबा सोडा. कमानीच्या वळणाचा पातळ प्लायवर फर्मा काढा आणि पत्रे त्यावरून कापा. चंद्रकोरीचे पत्रे अंदाजाने कापून जागेवर जुळवत बसलं की एका कोपऱ्यातून सुरू झालेली चूक दुसऱ्या कोपऱ्यात तळहाताएवढी फट होऊन बाहेर पडते.

पाणी, वाफ आणि धूर

छताचं पाणी दोन्ही बाजूंनी कंटेनरच्या माथ्यावर उतरतं आणि तिथल्या पन्हळातून टोकांकडे जातं. भिंत बसवली की ते नेमकं भिंतीच्या कोपऱ्यावर सुटतं. पन्हळ भिंतीच्या पुढे वीत-दीड वीत काढावी आणि पाणी पाइपने खाली न्यावं. तळाशी पत्रा जमिनीला टेकवू नये. चार बोटं वर ठेवून रबराची पट्टी लावावी.

बंद शेडमध्ये ओलावा अडकतो. एकेरी कापड रात्री गार पडतं, आतली दमट हवा त्याला लागते आणि पहाटे थेंब पडायला लागतात. चंद्रकोरीत वरच्या बाजूला झडपा ठेवल्या आणि दोन्ही तोंडं बंद असतील तर दोन्हीकडे ठेवल्या, की उबदार दमट हवा बाहेर जाते. धुराची गोष्ट मात्र जास्त गंभीर आहे. उघड्या शेडमध्ये इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवणं ज्यांच्या अंगवळणी पडलं आहे, त्यांनी भिंतीनंतर ती सवय मोडलीच पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अर्धवट बंद जागेतही तो माणसाला बेशुद्ध करण्याइतका साचू शकतो. तसंच माणसांसाठी बाहेर उघडणारं एक वेगळं छोटं दार ठेवा. आग लागली तर मोठं शटर वर करत बसायला वेळ नसतो.

पुढच्या भिंतीचं मोठं दार हा वेगळा विषय होऊ शकतो, पण एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पुढचं दार बंद असताना शेड पुन्हा सुरक्षित झाली, असं वाटतं. खरंय, पण ते दार वादळात टिकलं तरच. रोलिंग शटर वाऱ्याने मधे फुगतं आणि त्याच्या पट्ट्या बाजूच्या खाचेतून निसटतात. निसटलं की क्षणात मोठं तोंड उघडतं आणि आत पूर्ण दाब भरतो. म्हणून दोनपैकी एक करावं. शटर पट्ट्यांच्या टोकांना वाऱ्यासाठी आकडे (हुक) असलेलं घ्यावं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे खांब त्या ओढीला पुरतील असे ठेवावेत. नाहीतर छत आणि अँकर दार उघडं आहे असं धरूनच तपासून घ्यावेत. मी दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरतो, कारण वादळ येतं तेव्हा दार लावायला कुणी जागेवर असेलच असं नाही. दाराच्या वरची आडवी तुळईही दुर्लक्षित राहते. ती शटरचं वजन पेलेल एवढी घेतात, पण वारा तिला आडवी वाकवतो, आणि त्या दिशेने ती बहुधा कमजोर असते.

ज्यांच्याकडून शेड घेतली त्यांना हा बदल आधी कळवा. त्यांचा वाऱ्याचा हिशोब दोन्ही तोंडं उघडी धरून केलेला असेल तर भिंत लावल्यावर तो लागू राहत नाही. परवानगी आणि विमा या दोन्हींच्या दृष्टीनेही उघडी आणि बंद शेड वेगळी मानली जाऊ शकते. भिंतीचा आणि अँकरचा हिशोब स्ट्रक्चरल अभियंत्याकडूनच करून घ्या. इथली गणितं त्यांच्याशी बोलताना कामी येतील, त्यांच्या जागी वापरायची नाहीत.

कामाचा क्रम

आधी कंटेनरची पातळी आणि अँकर. मग कमानींच्या पायांचे बोल्ट. मग टोकाच्या दोन कमानींमधले आडवे पाइप आणि फुलीच्या तारा. मग खांब, आडव्या पट्ट्या, आणि सगळ्यात शेवटी पत्रा किंवा कापड. उलट क्रमाने, म्हणजे आधी कापड लावून ‘तारा पुढच्या आठवड्यात’ असं केलं तर तो आठवडा शेड सर्वांत धोक्यात असते. पत्रे खालून वर चढवत जावेत, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर येतो आणि पाणी आत शिरत नाही. कापड शांत हवेच्या सकाळी चढवावं. साठ चौरस मीटरचं कापड हातात धरलेलं असताना हलका वारा आला तरी तो दोन माणसांना शिडीवरून ओढून नेऊ शकतो. अर्धवट लावलेलं काम रात्रभर सोडावं लागलं तर लावलेला भाग गुंडाळून बांधून ठेवावा, फडफडू देऊ नये.

काम संपल्यावर प्रत्येक महत्त्वाच्या नटावर आणि त्याच्या खालच्या प्लेटवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा: कमानींच्या पायांवर, तारा ताणणाऱ्या फिरकीवर (टर्नबकलवर), अँकर बोल्टवर. पहिल्या जोरदार वाऱ्यानंतर टॉर्च घेऊन शेडभोवती एक फेरी मारा. जिथे रेघ तुटून दोन झाली आहे, तिथला नट फिरला आहे. आणि फेरी मारताना कंटेनरच्या आतल्या कडेखालचे ठोकळेही वाकून बघा, जागेवर आहेत ना.